आषाढातली होडी

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. सत्तरच्या दशकाची अखेर होती आणि मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. त्या प्रकरणात आरोपीने जेवढी मोठी चूक केली, तेवढीच मोठी मीही केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या हुशारीची गोष्ट वाचायला मिळेल अशी कोणाची समजूत व्हायला नको.

आषाढाच्या मध्यावर एक बाई नवरा हरवल्याची तक्रार घेऊन आली. नवरा गवंडी, मूळचा सटाण्याकडचा. गंगापूर रोडला तेव्हा द्राक्षबागा मोडून बंगले उठत होते, तिथे तो कामाला होता. आठ दिवसांपूर्वी सकाळी कामावर गेला तो परतलाच नव्हता. बाई मात्र कोकणकिनाऱ्यावरची, मासेमारी करणाऱ्या घरातली. बंदरावर गोदामाचं बांधकाम चाललं असताना या गवंड्याने तिथे दोन वर्षं काढली आणि तिच्याशी लग्न करूनच परतला. सासरच्यांनी तिला कधी आपली मानलं नव्हतं.

मिसिंगची नोंद केली आणि कामावरच्या मुकादमाला बोलावलं. तो गवंड्याच्याच गावचा, लहानपणापासूनचा सोबती. त्याने सरळ जबाब दिला, "साहेब, तो आखातात गेला. होडीनं. मी सोता त्याला बंदरावर सोडून आलो. बायकोला सांगू नको म्हनला, म्हनून गप ऱ्हायलो."

आखाताचं वेड तेव्हा गल्लोगल्ली पसरलं होतं. कागदपत्रांशिवाय होडीने जाणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही रोज ऐकत होतो. सासरचे लोकही म्हणाले, बायकोला कंटाळला आणि गेला. मी बाईला बोलावून तसं सांगितलं.

ती म्हणाली, "साहेब, आषाढात दर्यात होडी कोण घालतो? होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. माझा बाप पोटाला चिमटा काढायचा, पण या दिवसांत पाण्यात पाय घालायचा नाही."

मी सिन्नरकडचा. पाणी पाहिलेलं ते विहिरीचं आणि आमच्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं. नकाशात समुद्र बारा महिने निळाच असतो. मी तिला म्हणालो, "बाई, चोरून जाणारे लोक मुहूर्त बघत नाहीत. तुझा नवरा गेलाय, हे आता मान."

ती तरी उठेना. म्हणाली, "गेला असेल तर मला टाकून गेला. मेला असेल तर मी विधवा. दोन्हींतलं एक काहीतरी मला सांगा. मी कुठल्या तोंडानं कुंकू लावू?" हवालदाराने तिला समजुतीने बाहेर नेलं. मी रजिस्टरात शेरा मारला, 'सदर इसम समुद्रमार्गे परदेशी गेल्याचे समजते', आणि फाइल बाजूला सारली. त्यानंतर ती दोनदा आली. दोन्ही वेळा मी कामात असल्याचा निरोप बाहेर पाठवला.

श्रावण लागला आणि दुसऱ्याच प्रकरणातल्या एका आरोपीला कोर्टात हजर करण्यासाठी मला किनाऱ्यावरच्या एका गावी जावं लागलं. कोर्टाचं काम लवकर आटोपलं, म्हणून बंदरावर गेलो. वाळूवर होड्यांच्या रांगा होत्या, सगळ्या माडाच्या झापांनी शाकारलेल्या. पलीकडे जे होतं त्याला पाणी म्हणायला माझी जीभ वळेना. पुरुषभर उंचीची भिंत उठायची, फुटायची, की मागून दुसरी. गंमत म्हणजे त्या दिवशी वारा जवळजवळ नव्हता आणि ऊन पडलं होतं.

एक म्हातारा होडीची दोरी आवळत बसला होता. त्याला विचारलं, "इथून आखाताकडे एखादी होडी जाते का हो आता?"

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, जीव नकोसा झालाय काय?"

बंदर कचेरीतल्या कारकुनाने नोंदवही दाखवली. शेवटचं गलबत मे महिन्यात गेलं होतं. पुढची पानं कोरी. तो म्हणाला, "इथे वारा पडला तरी फसू नका. नैऋत्येचा वारा आफ्रिकेकडून सगळा समुद्र ढवळत येतो. लाट तिकडे उठते आणि इथे येऊन फुटते. या दोन-अडीच महिन्यांत लहान होडी घेऊन कोणी बाहेर पडत नाही. चोरसुद्धा."

परतीच्या एसटीत मला रजिस्टरातला माझा तो शेरा आठवत राहिला. बाईने हे सगळं मला ठाण्यात उभं राहून सांगितलं होतं.

मुकादम तोवर काम सोडून गेला होता. त्याला हुडकायला तीन आठवडे गेले. अखेर येवल्याजवळ एका विहिरीच्या बांधकामावर सापडला. मी त्याला हात लावला नाही. चहा दिला आणि म्हटलं, "तो गेला तो दिवस सांग. समुद्र कसा होता?"

"लय मोठा, साहेब. पन पानी अगदी गप. गुडघाभर पान्यातून गेला नि होडीत बसला. हात केला मला."

"आणि किनाऱ्यावर?"

"मासळी वाळत घातल्याली. वाळूभर. लय वास."

"ऊन होतं?"

"कडक."

मी जबाब लिहिणाऱ्या हवालदाराकडे पाहिलं. त्याचं पेन थांबलं होतं. आषाढात उघड्या वाळूवर मासळी वाळत नाही, एवढं नाशिकच्या माणसालाही कळतं. मी विचारलं, "तू आयुष्यात समुद्र किती वेळा पाहिलास?"

त्याने कप खाली ठेवला. "एकदाच, साहेब," तो म्हणाला. "त्याच्या लग्नाला. अक्षय तृतीयेला."

खोटं बोलताना त्याने मित्राच्या लग्नातला समुद्र आणून माझ्यापुढे ठेवला होता. दुसरा समुद्र त्याच्याजवळ नव्हताच.

मग तो सांगत गेला. सुट्टीचा दिवस होता. मजूर आले नव्हते. दोघेच मैल्याच्या टाकीचा खड्डा बांधत होते. माती पावसाने भिजलेली, बाजूंना फळ्यांचा आधार दिलेला नव्हता, आणि तो देणं मुकादमाचं काम होतं. कड कोसळली आणि गवंडी मातीखाली गेला. "हातानं उकरलं, साहेब. नखं गेली माझी. सापडला तवा गार पडला होता." पुढे भीतीने त्याने जे केलं ते केलं. खड्डा बुजवला, वर फरशी घातली आणि मालकाला सांगितलं की टाकी दुसरीकडे घेऊ.

तहसीलदार आणि पंचांसमक्ष फरशी फोडली. प्रेत ओळखण्यापलीकडे गेलं होतं. शर्टाच्या खिशात भिंतीचा सरळपणा पाहायचा, दोरीला बांधलेला गवंड्याचा ओळंबा होता. बाईने तो हातात घेतला, दोरीची गाठ बघितली आणि म्हणाली, "ही गाठ आमच्याकडची. मीच घालून दिली होती." ती रडली नाही.

मुकादमाला शिक्षा झाली. मला वरिष्ठांकडून शाबासकीचं पत्र आलं. ते मी घरी कोणाला दाखवलं नाही. एक गोष्ट मात्र मी कायमची शिकलो. ज्या माणसाचं आयुष्य ज्या गोष्टीवर गेलं, त्या गोष्टीबद्दल तो बोलत असेल तर पोलिसाने खुर्चीवरून उठून ऐकावं. पुढच्या नोकरीत मी तसं करत आलो. पण तिला त्याचा काय उपयोग?

बंदरावरून परतलो त्याच दिवशी मी तिला निरोप धाडायला हवा होता की, बाई, तुझं खरं होतं. मुकादम सापडल्यावर सांगू म्हणून मी ते राहू दिलं. पंचनाम्याच्या दिवशी तिचा जबाब वाचून दाखवला, तिने अंगठा उमटवला. मग हळूच विचारलं, "साहेब, तो आषाढातच गेला ना?"

मी हो म्हणालो.

"नारळी पौर्णिमेला मी गंगेत नारळ सोडला," ती म्हणाली. "त्याला दर्यातून सुखरूप आण म्हणून. होडी जात नाही हे मला जन्मापासून माहीत. पण तुम्ही साहेब, शिकलेले. तुम्ही म्हणालात, म्हणून मला वाटलं, जात असेल एखादी."