शनिवारची घोंगडी

नव्या घोंगडीचा वास आला की मला तो कापसावर गब्बर झालेला शेठ आठवतो. आमच्याच यहुदी धर्माचा. अमरावतीतल्या आमच्या गरीब यहुद्यांना घोंगड्या वाटायला तो ऐन थंडीत बग्गीतून आला, पुढे डफडं वाजवायला माणूस लावून. 'आधी प्रार्थना म्हणून दाखवा,' म्हणाला. माझी धाकटी बहीण तापानं कुडकुडत होती. माझ्या विधवा आईनं प्रार्थना म्हटली, पण घोंगडी घेतली नाही. 'आज शनिवार हाये, शेठ. आपल्या धर्मात आज ओझं उचलत नाई, गाडीतबी बसत नाई. सांजच्याले नेतो. पण तुमी बग्गीत बसून आले कावून?' लोक हसले. शेठ लालेलाल झाला आणि घोंगड्या परत न्यायला निघाला. तेव्हा मात्र त्याला धर्म आठवला. गड्याला म्हणाला, 'तूच उचल. आज शनिवार, मला हात लावता येत नाही.' अजूनही कुणी त्याला दानशूर म्हटलं की मी तोंड फिरवून थुंकते.