सावलीटोल्याचा दाखला

रामटेकेभाऊ दौऱ्यावर निघाले की सायकलच्या कॅरियरला दोन वह्या बांधत. एक खरी, एक खोटी. खरी म्हणजे सरकारी दौऱ्याची डायरी. कोणत्या गावी गेलो, काय पाहिलं, शिफारस काय, हे त्यात लिहून महिनाअखेरीस कचेरीत द्यायचं. खोट्या वहीतले रकानेही अगदी तेच, फक्त तिच्यातली गावं जगाच्या पाठीवर कुठेच नव्हती.

एटापल्ली भागातल्या एका छोट्या सरकारी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा तिथे गावपाहणीचं काम करणाऱ्या भाऊंची पन्नाशी उलटली होती. जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झालेला. आमच्याकडे येणारा साहेब बहुतेक शिक्षा म्हणूनच आलेला असे आणि पहिल्या दिवसापासून बदलीचे अर्ज लिहायला घेई. मी चंद्रपूरच्या एका बुकबाइंडरची मुलगी, पहिलीच नोकरी. भाऊंनी मला पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "शेखबाई, तुमाले कोन्या गुन्ह्यापायी इथी पाठवलं?" पहिलीच नेमणूक आहे म्हटल्यावर म्हणाले, "मंग तुमी निर्दोष हाव. आता आपन दोघं झालो."

खोट्या वहीचं मूळ एका जुन्या पुस्तकात होतं. विलायती कादंबरीचं मराठी भाषांतर, पहिली पानं गळून गेलेली. एक माणूस जहाजातून निघतो आणि प्रत्येक खेपेला भलत्याच देशाला लागतो, कधी बोटाएवढ्या माणसांच्या तर कधी ताडाएवढ्या. असलं पुस्तक मुलांचं, असं मी एकदा म्हणाले. भाऊंनी चष्मा काढला. "पोट्ट्यायले हे फक्त गंमत म्हनून देतेत, बाई. हे साहेब लोकायचं पुस्तक आहे. पन साहेब लोक वाचत नाई, म्हनून पोट्ट्यायच्या गळ्यात मारलं." मी ते पुस्तक सुट्टीत घरी नेलं आणि अब्बांकडून नवी शिवण घालून आणलं. तेव्हापासून खोटी वही वाचायचा मान मला मिळाला.

काय एकेक देश होते त्या वहीत. एका देशातले अधिकारी सकाळी कान काढून कपाटात ठेवत आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असे तो नेमका रजेवर. दुसऱ्या देशाचं नाव सावलीटोला. तिथे माणसाची उंची सावलीवरून मोजत, त्यामुळे मोठ्या लोकांच्या सगळ्या सभा सूर्य कलल्यावर भरत आणि भर दुपारी कोणीच कोणाला ओळख देत नसे. मी वाचून हसत सुटले की भाऊ म्हणत, "हासा, हासा. आपन त्याच देशात नोकरी करून राह्यलो."

खऱ्या वहीत मात्र एक अक्षर खोटं चालायचं नाही. एकदा त्यांनी लिहिलं, 'आज दौरा केला नाही. पूर नव्हता, ताप नव्हता, कंटाळा आला होता.' साहेब भडकले. निदान पाय दुखत होता असं तरी लिहा, म्हणाले. भाऊ शांतपणे म्हणाले, "खोटं लिहाले माझ्यापाशी दुसरी वही आहे, साहेब." आमच्या कचेरीत हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिलं.

त्या खऱ्या वहीत दर महिन्याला एक शिफारस असायची. नदीपलीकडे जंगलात इरपटोला नावाची माडिया लोकांची वस्ती होती. उन्हाळ्यात बायका नाल्याच्या रेतीत खड्डा करून बसत, पाणी झिरपेल तसं वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यानं पितळी गुंडीत भरत. त्याच पाण्यानं एका उन्हाळ्यात हगवण लागून दोन लेकरं गेली. भाऊंनी तेही लिहिलं होतं, खाली 'हातपंप द्यावा' असं. वरच्या कचेरीचं उत्तर ठरलेलं: सदर गाव अभिलेखात आढळून येत नाही. वस्ती जंगलाच्या जमिनीवर, कोणत्याच यादीत नाव नाही. उत्तर आलं की भाऊ पुढच्या महिन्यात तीच शिफारस पुन्हा लिहीत.

आता माझा पराक्रम सांगते. अब्बांना वाचून दाखवावा म्हणून मी सावलीटोल्याचा दौरा टाइप केला. हाताला सवय, म्हणून कार्बन घालून तीन प्रती काढल्या. त्यातल्या दोन चुकून त्या महिन्याच्या खऱ्या डायऱ्यांच्या गठ्ठ्यात गेल्या. हेडक्लार्कनी न वाचता 'सादर' लिहिलं, साहेबांनी न वाचता सही केली, आणि सावलीटोल्याचा कागद वरच्या कचेरीत गेला. शेवटच्या रकान्यात भाऊंनी सवयीनं लिहिलं होतं, 'इथल्या लोकांची सावली लांब, पण घसा कोरडा. हातपंप द्यावा.'

अडीच महिन्यांनी हातपंपाची मंजुरी आली. चंद्रपूरहून आलेल्या याद्या अर्धवट होत्या. नवं नाव दिसलं की राहून गेलं असेल म्हणून वरचे लोक यादीत चढवत. इरपटोल्याच्या नावापुढे 'आढळत नाही' हा शेरा आधीच पडला होता, सावलीटोल्याच्या नावापुढे काहीच नव्हतं. मी कागद भाऊंपुढे ठेवला आणि रडायलाच लागले. ते आधी खो खो हसले. मग कागद पुन्हा वाचला आणि त्यांचं हसणं थांबलं.

पाठोपाठ बोअरची गाडी येऊन उभी राहिली. मशीनवाल्याला तिथून लगेच अहेरीकडे जायचं होतं. साहेबांनी भाऊंना सांगितलं, गाव दाखवा आणि हातपंप सावलीटोला येथे बसवला असा दाखला तुमच्या सहीनं द्या. गाडी इरपटोल्याला न्यायची, हे आम्हा दोघांच्याही मनात एकदमच आलं. मी म्हटलं, "भाऊ, एकच तर सही आहे." ते म्हणाले, "तीस वर्षं माझं लिहिलेलं कोनी वाचलं नाई, बाई. पन ते खरं होतं, एवढंच माझ्यापाशी होतं. ते बी देऊन टाकू?" माझ्या चुकीची किंमत त्यांनी मोजायची, याची मला फार लाज वाटली.

गावालाच विचारू म्हणत भाऊ सायकलनं इरपटोल्याकडे पुढे गेले. मी शिक्का आणि कार्बन घेऊन मशीनवाल्याच्या जीपमधून गेले. वस्तीचा गायता, म्हणजे गावाची पूजा बघणारा वडीलधारा, मोहाच्या झाडाखाली बसला होता. भाऊ त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि काहीही न लपवता त्याला सगळं गोंडीत सांगितलं. पाणी आलं तर कागदावर तुमचं गाव दुसऱ्याच नावाचं होईल, ते नाव मी थट्टेत ठेवलं होतं, असंही सांगितलं. गायत्यानं तंबाखू मळली. मग मलाही समजावं म्हणून तो मोडक्या मराठीत बोलला, "कागदावर आमी कधी होतोच नाई, भाऊ. आता कोन्या बी नावानं असू दे. पोरी नाल्यात बसते, ते बंद होऊ दे."

मशीन दिवसभर धडधडत होतं. सूर्य कलायच्या आधी गढूळ पाणी उसळलं, मग स्वच्छ. बायका जवळ यायला घाबरत होत्या. एक म्हातारी पुढे आली, तिनं ओंजळ धरली आणि ते पाणी तोंडाला न लावता आधी शेजारच्या लेकराच्या डोक्यावर ओतलं. भाऊंनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मी शिक्का मारला.

एकदा कागदावर आलं की गाव पुढे सरकतंच. मतदारयादी आली, मग एका खोलीची शाळा आली, सगळं सावलीटोला या नावानं. कोणी कधी चौकशी केली नाही. भाऊ तिथे नेहमी जात, पंपाचा वायसर स्वतः बदलत. पण कॅरियरला आता एकच वही दिसायची, खरी. मला वाटायचं, त्या खोट्या सहीचं शल्य आहे. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

दशक संपता संपता ते निवृत्त झाले आणि मार्कंड्याजवळच्या आपल्या गावी गेले. तिथेच चार वर्षांनी वारले. ते मला शेवटचे दिसले ते कचेरीतल्या निरोपाच्या दिवशी. चहा-चिवडा झाल्यावर मी अब्बांनी मुद्दाम बांधलेली कोरी वही त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आता वेळच वेळ आहे, पुन्हा सुरू करा. आणि इतकी वर्षं अडलेलं विचारूनच टाकलं, "त्या सहीपायी लिहिणं सोडलं का, भाऊ?"

त्यांनी वहीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "नाई जी. सहीचं काईच वाटत नाई मले. लिहाले बसलो होतो चारदा. पन त्या देशात आता खरे लोक राहाले आले, बाई. त्यायची मजा कशी उडवू?"