रिकाम्या हातांचं वर्ष

माझ्या नातीला एडीएचडी आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा सून रडवेली झाली आणि मी त्या बाईंकडे बघतच राहिले. वाचायला घेतलेलं पान पुरं होत नाही, बोलता बोलता मन भलतीकडेच जातं, बसल्या जागी पाय हलत राहतात. अहो, ही तर माझीच गोष्ट सांगत होत्या त्या! माझ्या वेळी त्याला नाव नव्हतं, एवढंच. म्हणजे नावं होती म्हणा. धांदरट, बेफिकीर, वाऱ्यावरची. ती सगळी मला ठेवलेली.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमच्या भाट्ये गावातून खाडीवरचा पूल ओलांडून मी रत्नागिरीला कॉलेजात जायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. आईची शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळे माझं कॉलेज तिनं अगदी देवासारखं मनात बसवलेलं. पहिल्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "हिनं कामाला हात लावायचा नाही. हिनं फक्त अभ्यास करायचा."

आणि खरंच, वर्षभर तिनं मला काडी उचलू दिली नाही. विहिरीचं पाणी, गुरांचं शेण, भांडी, दळण, सगळं एकटीनं. मला कोनाड्याजवळ टेबल मांडून दिलं. तिथे कुणी मोठ्यानं बोललं तरी ती ओठांवर बोट ठेवायची. मी पुस्तक उघडून बसायची. पहिली ओळ वाचायची, दुसरी वाचायची, मग पुन्हा पहिली. तासाभरानं बघावं तर पान तेच, आणि पेन्सिलीचं लाकूड दातांनी कुरतडलेलं. आई दारातून डोकावून जायची, समाधानानं. मला लाज वाटायची, पण सांगू काय तिला? बसले तर होते ना!

अर्थशास्त्र आणि इतिहास, दोन्ही विषय गेले. वडील ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ऑक्टोबरच्या परीक्षेत निघाले तर निघाले. नाहीतर कॉलेज बंद. मग स्थळं बघायला लागू."

आईनं टेबल आणखी आत, अंधाऱ्या खोलीत हलवलं.

एका दुपारी आई विहिरीवर गेलेली बघून मी गुपचूप पडवीत आले. तिथे शेजारच्या घरची काकू माडाच्या झावळीचे हीर काढत बसलेली, खराट्यासाठी. मीही एक सुरी घेतली नि पातं सोलायला लागले. सोलता सोलता, कशी कोण जाणे, सकाळी न समजलेली मागणी नि पुरवठ्याची भानगड मी तिला सांगायला लागले.

"माल कमी झाला की भाव चढतो," मी म्हटलं.

"हे पुस्तकात लिहिलंनी?" काकू हसली. "अगो, मासे मिळेनासे झाले की कळतं ते. पुढं सांग."

पुढचंही मला आठवत होतं! हात चालले होते नि डोकं जागेवर होतं. मग आमचा नेमच झाला. एक झावळी, एक प्रश्न. झावळी संपली की उठायचं, दोन फेऱ्या मारायच्या, दुसरी घ्यायची. इतिहासात मी घसरले की काकू बरोबर पकडायची. "मघाशी तह केलान ना तुझ्या राजानं? मग परत लढाई कशाला गो?" मी पळत जाऊन पुस्तक बघून यायची.

आईनं पाहिलं तेव्हा तिच्या काखेत भरलेली कळशी होती. "खराटे बांधायचेत काय तुला जन्मभर? मी मरतेय ती कशासाठी?"

आणि मी बोलून गेले, "तू मला रिकामी बसवलंस म्हणूनच नापास झाले मी!"

तिनं कळशी आत नेऊन ठेवली. पण त्या दिवसापासून पडवीत आम्हाला हटकायला आली नाही.

ऑक्टोबरच्या पेपरात डावा हात रिकामा पडला, म्हणून मी ओढणीच्या टोकाला गाठी मारत लिहीत होते. देखरेखीच्या सरांना संशय आला. चारही गाठी त्यांनी सोडवून घेतल्या.

"काय आहे ह्यात?"

"काही नाही, सर. हाताला काम."

त्यांनी ओढणीचं टोक माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "लिही."

निघाले दोन्ही विषय, कसेबसे. वडील म्हणाले, "बरं. पुढच्या वर्षाची पुस्तकं कुणाकडं मिळतात बघ." काकूनं माझ्या तोंडात साखर घातलीन.

आई चुलीपुढे बसलेली. त्या वर्षाच्या पाणी ओढण्यानं तिची कंबर धरली होती, ती पुढे जन्मभर तशीच राहिली. तिनं फुंकणी खाली ठेवली नि विचारलं, "म्हणजे वर्षभर मी केलं ते चुकलंच काय गो?"

तिला काय सांगायचं ते आज मला ठाऊक आहे. की मलाच माझं डोकं कळत नव्हतं, तर तुला कुठून कळणार? तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, पास झाल्याच्या तोऱ्यात होते.

मी म्हटलं, "असेल."