नोटीस सांगणारा भाडेकरू

सोनिवलीच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो, कारण मीटिंगला उशिरा पोचलो. बाकीच्यांनी तोवर माझं नाव ठरवून टाकलं होतं. आनंदनगरच्या कारखान्यात मी आयुष्यभर मशिनी चालवल्या, पण नोटीस लिहायची म्हटलं की मला घाम फुटायचा. माझ्या नोटिसा कोणी वाचायचंही नाही.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू आला. पन्नाशीचा, एकटा, घरबसल्या भाषांतराची कामं करतो म्हणायचा. लिफ्टमध्ये शाळकरी पोरांनाही ‘अहो’ म्हणायचा. बोर्डावरची माझी नोटीस वाचून तो हळूच म्हणाला, “साहेब, जरा मदत करू का?”

तेव्हापासून तो सांगायचा, मी लिहायचो आणि खाली ऐटीत सही ठोकायचो. लोक चक्क पार्किंगच्या पट्ट्यांच्या आत गाड्या लावू लागले. उल्हासनगरात कापडाचं दुकान असलेला सिंधी शेजारी म्हणाला, “साईं, क्या लिखते हो! मानना पडेगा.” मी लगेच मानून टाकलं. बायकोलाही खरं सांगितलं नाही.

मग पोलीस ठाण्यातून निरोप आला, प्रत्येक भाडेकरूची माहिती कळवा. त्यासाठीची नोटीसही मी त्याच्याकडूनच उतरवून घेतली! त्याने ती मुदतीसकट सगळी सांगितली. ती वाचून झाडून सगळ्या घरमालकांनी फॉर्म भरले. त्याचा मालक परदेशात, म्हणून त्याचा फॉर्म मी भरायचा होता. पण इतक्या सज्जन माणसाची काय चौकशी करायची, म्हणून तो भरायचा राहिला.

एका रविवारी सकाळी साध्या वेशातल्या पोलिसांनी त्याला गेटवरच धरलं. हातात दुधाची पिशवी होती. बंदी घातलेल्या एका सशस्त्र संघटनेचा तो प्रवक्ता निघाला. नावं बदलून गावोगाव राहायचा आणि संघटनेची पत्रकं वर्तमानपत्रांना पाठवायचा. अख्खी सोसायटी खाली जमली. अधिकाऱ्याने एक पत्रक माझ्यापुढे धरलं. स्फोटात बसमधली माणसं मेली होती, त्यावरचं. ‘सर्वसामान्यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, नाइलाज होता.’

बोर्डावर पाण्याची टाकी धुण्याची नोटीस होती. तिच्यातही हेच वाक्य, शब्दन्‌शब्द.

“ही नोटीस कोणाची?” अधिकाऱ्याने विचारलं.

अक्षर माझं, सही माझी. हो म्हटलं तर मी अडकणार, नाही म्हटलं तर बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर माझी लाज जाणार.

भाडेकरूच बोलला. “नोटिसा सेक्रेटरी साहेबांच्या. माझा काय संबंध?”

तो माझी अब्रू राखत होता की मला पुढे ढकलत होता, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या शांत आवाजाचा मला भयंकर राग आला. बसमधली माणसं आणि आमची टाकी, दोन्हींसाठी याच्याकडे एकच वाक्य!

“यातला एक शब्द माझा नाही,” मी ओरडलो. “एकाही नोटिशीतला नाही. हा सांगायचा, मी उतरवून घ्यायचो.”

बायकोने मान खाली घातली. हवालदार जबाबाचा कागद घेऊन सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलाशी बसला.

“बोला,” तो म्हणाला. “तुमच्या शब्दांत सांगा.”

मला सुरुवातच सुचेना. आणि सवयीने मी दारात बेड्या घालून उभ्या असलेल्या त्याच्याकडेच बघितलं.