हनुवटीखाली रूळ

माह्याआधीच्या शावकाराच्या सुनेची छाती डाक्टरनं पुढून-मागून नळी लावून तपासली. माहा नंबर आला तशी नळी खिशात घातली. टेबलापल्याडून रुळानं माही हनुवटी वर केली. म्हनला, "बिडी पीती है?"

मी आदिलाबादले जिनिंगात कामाले होती. कापसाची धूळ नाकातोंडात. बिडीले कधी हात नाई लावला. म्हनलं, नाई साहेब, कामावर दम लागते, सुट्टीच्या दिवशी लागत नाई. तो ऐकतच नव्हता. इंजेक्शन लिहून राह्यला होता.

माही माय बी याच खोलीत उभी राहे. डाक्टर तिच्यासंग तेलुगूतच बोले, तिले समजे नाई. समजलं काय इचारलं, का मान हालवे. जी साहेब. डाक्टरपुढं जास्त बोलू नये, हेच आमच्या बौद्धवाड्यात शिकवत. त्यानं दिलेला दम्याचा पंप घरी आनला अन् माय तो छातीवर मारे, बाम लावल्यासारखा. आमाले कोनाले काय ठावूक? पंप उशाशी असूनबी मेली ती. बाजेवर, तोंड उघडं टाकून.

म्हनून मी म्हनलं, साहेब, मले पंप द्या, पन कसा घ्यायचा ते दाखवा.

तो कंपाउंडरकडं पाहून हासला. "इसकी माँ पंप छाती पे मारती थी."

त्याले ठावूक होतं. माय मरेपर्यंत ठावूक होतं, अन् हा हासत बसला.

मंग माहं डोस्कंच फिरलं. टेबल लोटलं त्याच्या अंगावर. कंपाउंडरनं अंबाडा धरून ओढलं, मी त्याच्या मनगटाले चावली. तोंडात रगत आलं, त्याचं का माहं, कोन जाने. डाक्टरच्या खिशातली नळी हिसकली, तिचं टोक माह्या छातीवर दाबून धरलं.

"कानात घाल. ऐक. याच आवाजानं माही माय मेली."

दारात बाया गोळा झाल्या होत्या. त्यानं नळी कानात घातली. मंग पंप तोंडात धरून कसा ओढायचा, तेबी दाखवलं. दोन मिंटाचं काम होतं ते.

त्या दिवसापासून मी मान हालवत नाई. कवा दम लागला, काय करताना लागला, सारं सांगतो. समजलं नाई तं दहाखेप इचारतो. वाड्यातल्या बायाले संग नेतो, त्यायलेबी बोलाले लावतो. अन् यापुढं कोन्या डाक्टरनं हनुवटीखाली रूळ घातला, तं तो मोडून त्याच्याच टेबलावर ठेवीन, अन् तपासल्याबिगर तिथून हलनार नाई.