खुरासणीच्या तेलातली जीप

माझ्या बायकोनं, यमुनेनं, माझ्यासोबत शेवटचं काम केलं ते म्हणजे जीपच्या एअर फिल्टरला तेल चोळणं.

फिल्टर जावयानं ठाण्याहून आणलेला. लाल कापडाचा, धुवायचा, तेल लावायचं, परत बसवायचा. टर्बोला मोकळी हवा मिळाली की गाडी घाटात पळते म्हणे. मी चौथी नापास, मला लगेच पटलं. (मोखाड्याच्या चढावर सगळ्या जिपा मला मागं टाकायच्या आणि यमुना शेजारी बसून त्यांना हात करायची!)

फिल्टर धुतला, वाळवला. त्याचं खास तेल जावई विसरलेला. यमुनेनं घरातून खुरासणीच्या तेलाची बाटली आणली.

मी म्हणालो, "अगं, हे खायचं तेल."

"म्हाताऱ्या, अंगाला चालतं, केसाला चालतं. तुझ्या जीपला काय धाड भरलीय?"

तान्ह्या पोराला चोळावं तसं तिनं चोळलं. अर्धी बाटली संपली. मी अडवलं नाही. जास्त तेल, जास्त जोर, असं माझं गणित.

तिच्या बहिणीकडं पोशेऱ्याला निघालो. आवाज विमानाचा, चाल म्हशीची. चढावर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, मागं काळा धूर, आणि जीपभर वडे तळल्याचा वास. नाचणी निंदणाऱ्या एका बाईनं बांधावरून विचारलं, "या दिवसांत कुणाचं लगीन?"

"आमचंच," यमुना म्हणाली, आणि हसत हसत ढकलायला उतरली.

त्याच आठवड्यात ती झोपेतच गेली.

दिवसकार्य उरकल्यावर जीप जव्हारला मिस्त्रीकडं नेली. त्यानं फिल्टर हुंगला, माझ्याकडं बघितलं. आतलं तेल पुसून त्यानं कंपनीचा कागदी फिल्टर बसवला.

"बाबा, टर्बोला लागते तेवढी हवा या कागदातूनच मिळते. त्या लाल फिल्टरनं नुसता आवाज वाढतो. टाकून दे तो."

जीप पहिल्यासारखी चढ चढली. पण शेजारची सीट रिकामी, आणि वासही गेला. तेवढं दुरुस्त करायला मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलकट फिल्टर पुन्हा बसवला आणि पोशेऱ्याच्या चढाला लागलो. पिवळा दिवा, काळा धूर, वड्यांचा वास. सगळ्या जिपा मला मागं टाकून गेल्या.

मी एकेकीला हात केला.