शेजारची ताटली

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘सुईण’ म्हणत. माणसाच्या पेशी प्लास्टिकच्या ताटल्यांत, इन्क्युबेटरच्या उबेत वाढवायच्या, त्यांना वेळच्या वेळी ताजं पोषणद्रव्य द्यायचं, एकीच्या दोन होतात का ते बघायचं, हे तिचं काम.

या खेपेला काही ताटल्यांत मद्यार्क घालून पेशींचं विभाजन कसं बिघडतं ते पाहायचं होतं. तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं, “मद्यार्क काढून घेतल्यावर त्या सावरतात का, तेही बघू या?”

घरी नवऱ्याने दारू सोडली होती, पण यकृताच्या तपासणीचं नाव काढलं की तो म्हणायचा, “उशीर झालाय गं. आता कळून काय दिवे लावणार?” हा हताशपणा त्याला पुन्हा बाटलीकडे नेईल, अशी तिला धास्ती होती.

थोड्या पेशी रंगवून तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. मद्यार्काच्या ताटलीत विभाजन रखडलं होतं. गुणसूत्रं रांगेत नीट उभीच राहिली नव्हती. पण शेजारच्या, थेंबही न घातलेल्या ताटलीतही तीच रडकथा! तिने मॅडमना हाक मारली.

“दोन्ही एकाच इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या होत्यास?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“अगं, मद्यार्क उडतो! वाफ शेजारणीला बाधली. सुईणच विसरली तर बाळंतिणींनी काय करायचं?”

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा आधी खो खो हसला. मग म्हणाला,

“म्हणजे तुझ्यासारखीच की. न पिता भोगलेली.”

ती भाजी ढवळत राहिली.

प्रयोग नव्याने मांडला, इन्क्युबेटर वेगळे केले. शेजारच्या ताटलीतल्या उरलेल्या पेशी खरं तर फेकायच्या. तिच्याने फेकवल्या नाहीत. दोन्हीकडच्या उरलेल्या पेशी धुऊन, ताजं पोषणद्रव्य घालून तिने स्वच्छ इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. काही दिवसांनी मायक्रोस्कोपला मोबाइल टेकवून फोटो काढला आणि घरी येऊन नवऱ्यापुढे धरला. मद्यार्काच्या ताटलीतल्या दोन गोल पेशी, नुकत्याच एकमेकींपासून सुटलेल्या.

“सगळ्या उठल्या?”

“नाही हो. मद्यार्कातल्या कितीतरी गेल्याच. आणि ताटली म्हणजे माणूस नव्हे.”

“आणि ती शेजारीण?”

“ती? ती तर जोरात आहे!”

त्याने फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

“डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात?”

“आत्ता निघालो तर सापडतील.”

“मग बघत काय उभी राहिलीस, सुईणबाई? माझी दुसरी चप्पल शोध.”